फुंकण्याची तालीम

श्यामला आजारी पाडायचं मी ठरवलं ते दुर्गापूजेनंतरच्या आठवड्यात, मेथी निवडता निवडता.

श्याम म्हणजे श्यामकांत, माझा नवरा. केंद्र सरकारच्या नोकरीत, वय बावन्न. स्वभावाने इतका गरीब की मेट्रोत कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच सॉरी म्हणणार. मी वृंदा, मी तशी नाही. आमच्या घरात भांडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे आणि ते मी नीट सांभाळलंय.

कोलकात्यात आम्हाला चार वर्षं झाली होती. सॉल्ट लेकला सरकारी क्वार्टर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिली साडेतीन वर्षं बरी गेली, कारण आमची मुलगी कादंबरी सोबत होती. दहावी झाल्यावर तिला अकरावी-बारावीसाठी पुण्याला माझ्या बहिणीकडे, सुनंदाकडे ठेवलं. मीच ठेवलं. जा बाई, तिथलं कॉलेज चांगलं आहे, म्हणून मीच तिची बॅग भरली आणि ती गेल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आधी फोनवर तास तास बोलायची. मग अर्धा तास. मग ‘आई, क्लासला उशीर होतोय, नंतर करते’ सुरू झालं, आणि ते नंतर काही यायचं नाही. बारावीनंतर ती कुठल्या तरी इंजिनिअरिंगच्या होस्टेलला जाणार, म्हणजे माझ्या हातात उरलं होतं दीड वर्ष. ते दीड वर्ष मला हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

बदलीचे तीन अर्ज करून झाले होते. तिन्ही वेळा ‘प्रशासकीय कारणास्तव शक्य नाही’ एवढंच उत्तर आलं. आणि त्याच सुमारास श्यामच्या ऑफिसातल्या चंद्रकांतभावजींची नागपूरला बदली झाली, चक्क तीन आठवड्यांत. कारण काय, तर दमा. वैद्यकीय कारण दाखवलं की फाइल पळते म्हणे. त्यांच्या बायकोने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातात मेथी होती आणि श्याम आत खोकत होता.

खोकला त्याचा जुनाच. वीस-बावीस वर्षं सिगारेट ओढली, सात वर्षांपूर्वी सोडली. सिगारेट सुटली, खोकला राहिला. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं खोकायचा, मग चहा. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून मोबाइल बघायचा. मी म्हणायचे, बावळटासारखा जिन्यात काय उभा राहतोस, घरी येऊन बघ की. तो ‘हो, आलो’ म्हणायचा. पूजेच्या गर्दीत धूर-धूळ लागून खोकला वाढला म्हणून शेवटी पार्क सर्कसजवळच्या एका छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी श्वासाची चाचणी करायला सांगितली. यंत्राच्या नळीत फुंकायचं आणि फुप्फुसं किती चालतात ते आकड्यात येतं.

मी विचार केला, फुंकणं तर आपल्याच हातात आहे.

आठवडाभर मी त्याची तालीम घेतली. डायनिंग टेबलाशी बसवायचं, कॅलेंडरचा जाड कागद गुंडाळून तोंडात द्यायचा, नाकाला कपड्याचा चिमटा. अर्धाच श्वास घ्यायचा, अर्धाच सोडायचा, मध्येच खोकायचं. तो फुंकायचा आणि मी ओरडायचे, छे, फारच चांगलं झालं, आणखी वाईट फुंक. त्यालाही हसू यायचं. पण एकदा कागद खाली ठेवून म्हणाला की वृंदा, हे मला जमेलसं वाटत नाही, लाज वाटते. मी भडकले. म्हटलं, लाज तुला इथे वाटते, आणि तिकडे तुझी पोरगी मावशीच्या घरी परक्यासारखी वाढतेय त्याचं काही नाही. त्याने पुन्हा कागद तोंडात घेतला.

चाचणीच्या दिवशी मला आत येऊ दिलं नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसले, एक पाय सारखा हलत होता. आत यंत्रावर एक मुलगी होती, मौशुमी नावाची. ती सुरुवातीला गोड बोलत होती आणि मग एकदम ओरडायलाच लागली. जोरे, जोरे, आरो जोरे! जोरात, आणखी जोरात. पुन्हा तेच, आणि मग तिसऱ्यांदा, आधीपेक्षा मोठ्याने. मला बाहेर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पोरगी बिचारी घसा फोडून सांगतेय आणि आमचा पठ्ठ्या काही जोर लावत नाही. म्हटलं, वा रे माझ्या वाघा.

मग त्याला काही तरी औषध ओढायला दिलं, वीस मिनिटं बसवलं आणि परत फुंकायला लावलं. परत तीच आरडाओरड. बाहेर आला तेव्हा तोंड लालभडक, डोळ्यांत पाणी, शर्ट पाठीला चिकटलेला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मी मनात म्हटलं, घामसुद्धा आणला, एवढं तर मी शिकवलंही नव्हतं.

टॅक्सीत बसल्या बसल्या मी विचारलं, किती हळू फुंकलंस? तो खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, “झालं की काम.” आणि मी हसत सुटले. इतकी हसले की टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला. कादंबरी गेल्यापासून मी तशी हसले नव्हते. मी श्यामचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला. सीओपीडी आहे म्हणाले. श्वासाच्या नळ्या आकसल्यात, औषध दिल्यावरही पुरत्या उघडत नाहीत, त्याच्या वयाच्या माणसाच्या निम्मीही हवा एका सेकंदात बाहेर पडत नाही. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते नीट सांभाळता येईल. दोन पंप लिहून दिले, एक रोज घ्यायचा आणि एक दम लागला तर. फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, रोज चालायचं, धुरापासून लांब राहायचं, दोन महिन्यांनी परत दाखवायचं. बराच वेळ बोलले. पंप कसा ओढायचा हेही त्यांनी हातात धरून दाखवलं. श्याम पुढे वाकून ऐकत होता. मी मान डोलवत होते आणि मनात अर्जाचा मसुदा जुळवत होते. ते थांबल्यावर मी एकच विचारलं, सर्टिफिकेटवर ‘कोलकात्याची हवा मानवत नाही’ असं लिहून मिळेल का? डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. पण लिहून दिलं.

पंप मी विकत घेतले, कारण फाइलला बिलं लागतात. दोन्ही खोकी सील न फोडता प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फाइललाच लावून ठेवली. श्यामने एकदा विचारलं, ‘एखादा घेऊन बघू का?’ मी म्हटलं, धडधाकट माणसाने असलं औषध ओढलं तर असलेल्या फुप्फुसांचं वाटोळं होईल, शहाणपणा करू नकोस. तो बरं म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणतो.

लशी राहिल्या. दोन महिन्यांनी दाखवायचं होतं, तेही राहिलं. कशाला दाखवायचं?

थंडी पडली. इथली थंडी म्हणजे सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत दिसत नाही आणि नाकात जळका वास. श्याम आता पहिल्या मजल्यावरही थांबायला लागला. मी वरून कठड्यावर वाकून टाळ्या वाजवायचे. म्हणायचे, अरे, बघायला कुणी नाही, घरात तरी नाटक बंद कर. तो वर बघून हसायचा आणि हात हलवायचा. बोलायचा नाही. बोलायला त्याच्याकडे हवाच नव्हती, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, काय भूमिकेत शिरलाय हा माणूस.

जानेवारीत ऑर्डर आली. पुणे, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हजर व्हायचं. मी कादंबरीला फोन केला तेव्हा ती किंचाळलीच, आणि त्या दिवशी ती चाळीस मिनिटं बोलली. क्लास बुडवून बोलली. मी हवेत होते.

त्याच आठवड्यात आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. निर्मलाताईंनी विचारलं, अगं, आम्हालाही सांग की तुझी युक्ती. मी सांगितली. नुसती सांगितली नाही, करून दाखवली. गुडघ्यांवर हात ठेवून, ओठांचा चंबू करून, श्याम जिन्यात कसा फू-फू करतो त्याची हुबेहूब नक्कल केली. बायका हसून हसून लोळल्या. श्याम तिळगुळाची वाटी घेऊन दारात उभा होता. तोही हसला. मग वाटी टेबलावर ठेवून आत गेला.

हे सांगताना माझी मला किळस येते, पण सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

सामान बांधायला खोकी हवी होती. एका शुक्रवारी श्यामने रजा घेतली. मी त्याला सियालदहच्या घाऊक बाजारात पाठवलं. तिथे फळांची मजबूत खोकी मिळतात, ती मोडून सपाट कर, दोरीने बांध आणि मेट्रोने घेऊन ये. वीस तरी आण, असं बजावलं. तो म्हणाला, वीस जड होतील गं. मी म्हटलं, आता बदली झाली, आता कुणासाठी आजारी पडतोयस? तो पायात चपला सरकवून गेला.

मी पार्क सर्कसला गेले. मुख्यालयाने चाचणीच्या रिपोर्टची सही-शिक्क्याची मूळ प्रत मागितली होती. मौशुमीने मला ओळखलं नाही, पण संगणकावर रिपोर्ट उघडल्यावर तिला पेशंट आठवला. हिंदीत म्हणाली, हे तर फार छान फुंकणारे होते. स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीन रेघा होत्या, वर चढून लगेच आत खचलेल्या, एकावर एक अशा बसलेल्या की एकच जाड रेघ वाटावी. पहिल्यांदा येणाऱ्याला असं जमत नाही म्हणाली. मला हसू आलं. मी म्हटलं, छान कसले, तू तर बाहेर ऐकू येईल एवढी ओरडत होतीस त्यांच्यावर. ती म्हणाली, मी सगळ्यांवरच ओरडते. ओरडल्याशिवाय माणूस पूर्ण जोर लावत नाही. संध्याकाळी माझा घसा बसलेला असतो.

मी तरी हट्ट सोडला नाही. विचारलं, आणि कुणी मुद्दाम हळू फुंकलं तर?

आता ती हसली. असे येतात की बरेच, विम्यासाठी, नोकरीसाठी. पण खोटं फुंकलेलं तिन्ही वेळा सारखं येत नाही. एक रेघ इकडे जाते, एक तिकडे, लगेच कळतं. तसं झालं तर मी ‘प्रयत्न अपुरा’ लिहून परत पाठवते. “तुमच्या मिस्टरांनी जीव तोडून फुंकलं,” ती म्हणाली. “तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी खांदा धरला नसता तर पडले असते.” मग शिक्का मारता मारता तिने सहज विचारलं, “पंपाने आता बरं वाटतंय ना त्यांना?”

प्रत हातात घेऊन मी तशीच रस्त्यावर आले. श्यामला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. बस मिळाली ती बायपासवर अडकली. मी उठून दाराशी गेले, परत येऊन बसले, परत उठले. कंडक्टर काही तरी म्हणाला, मी त्याला मराठीतच झापलं. वीस खोकी. मेट्रो स्टेशनपासून आमची इमारत पंधरा मिनिटं, आणि वर तीन मजले. अकरा वेळा फोन लावला. अडीच महिन्यांतलं एकेक आठवत होतं आणि प्रत्येक वेळी त्याचं ते ‘बरं’ ऐकू येत होतं. बस सोडून रिक्षा केली, ती सोडून शेवटचा रस्ता पळत गेले.

तो पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर सापडला. खोक्यांचा गठ्ठा भिंतीला टेकवलेला, आणि हा पायरीवर बसलेला, कोपर गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत वर. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ओठ निळसर दिसत होते आणि ओठांचा तोच चंबू, तेच फू-फू, ज्याची मी आठवड्यापूर्वी नक्कल केली होती. मला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला. हात वर करून थांब, सांगतो, अशी खूण केली.

मी वर पळाले. कपाट उघडलं, फाइल काढली, पाकीट दातांनी फाडलं आणि दोन्ही खोकी घेऊन खाली आले. आणि मग पायरीवर बसून बघतच राहिले. कुठला रोजचा आणि कुठला दम लागल्यावरचा, काही माहीत नाही. ओढायचा कसा, तेही माहीत नाही. डॉक्टर दाखवत होते तेव्हा मी अर्ज लिहीत होते ना! टोपण नुसतं पिरगाळत होते, ते निघेना.

श्यामने माझ्या हातातून निळा पंप घेतला. त्याला सगळं पाठ होतं. टोपण काढलं, हलवला, पहिल्यांदाच वापरतोय म्हणून आधी हवेत दाबून बघितला. श्वास सोडता येईल तेवढा सोडला, नळी ओठांत धरली, दाबत दाबत आत ओढला आणि तोंड मिटलं. मग दहा बोटं दाखवून माझ्याकडे बघितलं. मला कळलं, मोजायचंय. मी मोजले.

शेजारच्या बाईंनी दार उघडून पाणी आणून दिलं, डॉक्टरांना फोन मीच लावला. सगळं कबूल केलं. त्यांनी मला काही सुनावलं नाही. मिनिट-मिनिट थांबून असेच आणखी द्या, पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर थेट इमर्जन्सीत आणा, पडला तरी आज संध्याकाळी घेऊन याच, एवढंच म्हणाले. सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

हळूहळू त्याचे खांदे खाली आले. बोलता येण्याइतका श्वास आला. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले होते आणि माझ्या मांडीवर तो शिक्का मारलेला रिपोर्ट होता. अर्ज खरा होता. सर्टिफिकेट खरं होतं. सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकली म्हणून मी गावभर मिरवत होते, आणि आम्ही सरकारशी एक अक्षरही खोटं बोललो नव्हतो.

“तू खरंच फुंकलंस,” मी म्हटलं.

“मला खोटं जमेना गं. ती पोरगी इतकी ओरडत होती, की लावला जोर.” त्याने मध्ये दोन श्वास घेतले. “वाटलं, आकडा चांगला येईल आणि तू मला मारशील. पण आला तो असा.”

“मग मला सांगितलं का नाहीस? त्याच दिवशी, टॅक्सीत? मी तुझी कोण लागते, श्याम?”

मी रडत होते आणि भांडतही होते. त्याने खिशातून रुमाल काढून मला दिला.

“तू हसत होतीस,” तो म्हणाला. “खोट्या आजारावर मिळालेली बदली तुला आवडली, वृंदा. खऱ्या आजारावरची आवडली असती?”

त्याने पंप पुन्हा हलवला, ओढला आणि ओठ मिटले, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत एकपासून मोजायला लागले.